‘याच्याऐवजी ते’ घातलं आणि पदार्थ बिघडला: चूक नेमकी कुठे होते

मागच्या रविवारी भाचीचा फोन आला, आवाज रडवेला. “मावशी, केक मधोमध बसलाय. वर तपकिरी ठिपके आलेत आणि चव साबणासारखी लागतेय. मी तर सगळं मापानं घातलं होतं.” विचारत गेले तसा उलगडा झाला. कृतीत दीड चमचा बेकिंग पावडर होती. ती घरात नव्हती, म्हणून तिनं तेवढाच, म्हणजे दीड चमचा, सोडा घातला. पुडीवरचं नाव वाच म्हटलं, तेव्हा कळलं की तो सोडाही नव्हता. पुडीवर गुजरातीत ‘पापडखारो’ लिहिलेलं होतं.

असा फोन मला वर्षातून आठ-दहा वेळा येतो. कधी भाचीचा, कधी दांडिया बाजारातल्या जुन्या शेजारच्या वहिनींचा, कधी लग्न होऊन पुण्याहून बडोद्यात आलेल्या एखाद्या सूनबाईचा. पदार्थ दर वेळी वेगळा असतो, दुखणं तेच. जिन्नस बदलताना आपण त्याचं नाव बघतो, नाहीतर रंगरूप बघतो. तो त्या पदार्थात कोणतं काम करत होता हे बघायचं राहून जातं.

बडोद्यातल्या मराठी घरांत या गोंधळाला आणखी एक फाटा फुटतो. कृती वाचायची आईच्या वहीतून मराठीत किंवा मोबाइलवर इंग्रजीत, आणि सामान मागायचं खंडेराव मार्केटच्या आसपास गुजरातीत. ‘साजीनां फूल’ म्हणजे आपला खायचा सोडा. ‘लींबुनां फूल’ म्हणजे सायट्रिक ॲसिड. ‘पापडखारो’ म्हणजे पापडखार. तिन्ही पांढऱ्या पुडी, तिन्हींची कामं अगदी वेगळी. ‘भाखरीचं पीठ’ मागितलं तर ज्वारीचं पीठ मिळत नाही, गव्हाचं जाडसर, करकरीत पीठ हातात येतं, कारण इथली भाखरी गव्हाची. म्हणून घरात नवीन आलेल्या प्रत्येकीला मी सांगते की पुडी घरी आली की डब्यावर मराठीत नाव लिहून चिकटव, मगच ओत.

पुढे जिथे नुसतं चमचा म्हटलंय तिथे चहाचा, ५ मिलीचा. मोठा चमचा म्हणजे १५ मिलीचा.

साबणासारखी चव, तपकिरी ठिपके, मधे बसलेला केक

सोडा म्हणजे सोडियम बायकार्बोनेट, एकटा क्षार. त्याला आंबट जोडीदार मिळाला की तो वायू सोडतो आणि पीठ फुलतं. जोडीदार नसेल तर भट्टीच्या उष्णतेनं तो फुटतो, थोडा वायू निघतो, पण मागे सोडियम कार्बोनेट उरतं. साबणाची चव त्याचीच, ठिपकेही त्याचेच. बेकिंग पावडरमध्ये सोडा असतोच, सोबत कोरडं आम्ल असतं आणि ओल धरू नये म्हणून स्टार्च. तेव्हा चमचाभर बेकिंग पावडरमध्ये खरा सोडा जेमतेम पाव चमचा भरतो. भाचीनं दीड चमचा घातला, म्हणजे तो सोडा असता तरी हवा त्याच्या चार-पाच पट क्षार, तोही आंबटाशिवाय. भसकन फुगला आणि बसला.

एक चमचा बेकिंग पावडर नसेल तर पाव चमचा सोडा घ्या, आणि त्याला पुरेल इतकं आंबट द्या: अर्धा कप आंबट दही, किंवा एक मोठा चमचा लिंबाचा रस किंवा व्हिनेगर. अर्धा चमचा लिंबाचा रस पुरतो असं बऱ्याच ठिकाणी लिहिलेलं असतं. तेवढ्या रसानं सोड्याचा लहानसाच भाग शमतो, बाकीचा तसाच उरतो, आणि मग आपण सोड्याला नावं ठेवतो. जेवढं दही वाढेल तेवढं दूध किंवा पाणी कमी करायचं, हे विसरू नका. नाहीतर केक आतून ओला राहील.

उलट बाजूही बघून घ्या. कृतीत दही किंवा ताक आणि सोडा आहे, आणि तुम्ही सोड्याऐवजी बेकिंग पावडर घातलीत, तर केक फुलेल पण आंबट लागेल, कारण दह्याचं आम्ल शमवणारं कोणी उरत नाही. अशा वेळी दह्याच्या जागी दूध घ्यायचं.

फ्रूट सॉल्ट, म्हणजे आपल्याकडे घरोघरी असतं ते इनो, यात सोडा आणि सायट्रिक ॲसिड दोन्ही असतं. त्यामुळे ते बेकिंग पावडरच्या जागी चालतं, पण त्याचं वागणं वेगळं. पाणी लागताक्षणी ते सगळा वायू सोडून टाकतं. बेकिंग पावडर थोडी ओलाव्यानं आणि थोडी उष्णतेनं काम करते, म्हणून पाच-दहा मिनिटं वाट पाहू शकते. इनो वाट पाहत नाही. मी चमच्याला चमचा घेते, अगदी शेवटी घालते, आणि त्याआधी भट्टी तापलेली आणि भांडं तूप लावून तयार असतं. इनो घालून कोणी बेल वाजवली म्हणून दार उघडायला गेलं, तर तो केक गेलाच समजायचा.

पापडखार मात्र केकमध्ये कधीही नको. तो सोड्यापेक्षा बराच तीव्र क्षार आहे आणि सोड्याइतका वायूही देत नाही. त्याची जागा पापडात.

डब्यात सोडा आहे की बेकिंग पावडर अशी शंका आली तर अर्धा चमचा वाटीत घेऊन पाहा. लिंबू पिळल्यावर जोरात फसफसला आणि नुसत्या गरम पाण्यात जवळजवळ गप्प राहिला, तर सोडा. नुसत्या गरम पाण्यातही फसफसली तर बेकिंग पावडर, आणि ती जिवंतही आहे. गरम पाण्यात ढिम्म राहणारी बेकिंग पावडर फेकून द्या.

याच खात्यातलं एक खास इथलं दुखणं: खमणावर लाल ठिपके. पीठ खराब नसतं. हळद क्षारात लाल होते, एवढंच. सोडा नीट विरघळला नाही तर जिथे कण राहतात तिथे लाल डाग उमटतात. हळद चिमूटभरच घाला, सोडा दोन चमचे पाण्यात विरघळवून ओता आणि पिठात आंबट आधीच पुरेसं असू द्या. सायट्रिक ॲसिडऐवजी लिंबू वापरणाऱ्यांना हे जास्त होतं, कारण रस कमी पडतो. एका मोठ्या चमचा रसाचं काम चहाच्या चमच्याचा साधारण सहावा भाग सायट्रिक ॲसिड करतं, इतका दोघांत फरक आहे.

अंडं काढलं आणि केक गच्च झाला

हा प्रश्न मला सर्वांत जास्त विचारला जातो, आणि यात मी कोणाला खोटी आशा देत नाही. अंडं एकाच वेळी चार कामं करतं: पीठ बांधतं, ओलावा देतं, फेसून हवा धरतं आणि तूप-पाण्याला एकत्र ठेवतं. मध्यम आकाराचं अंडं कवचाशिवाय साधारण ५० ग्रॅम भरतं आणि त्यातला तीन-चतुर्थांश भाग पाणीच असतो. दही, जवस, केळं यांतलं काहीही यातली एक-दोन कामं करतं, चारही नाही.

म्हणून आधी अंडी मोजा. कृतीत एक किंवा दोन अंडी असतील तर बदल निभावतो. एका अंड्याला पाव कप घट्ट दही घ्यायचं. पाणी सुटलेलं असेल तर वीस मिनिटं फडक्यात टांगून ठेवायचं. दही आंबट असल्यामुळे चिमूट-दोन चिमूट सोडाही लागतो. कुकी, कणकेचा केक, मफिन अशा भरड पदार्थांत जवस चांगलं चालतं: एक मोठा चमचा ताजी जवसपूड तीन मोठे चमचे पाण्यात दहा मिनिटं भिजवली की अंड्याच्या पांढऱ्यासारखी बुळबुळीत होते. इथे ‘अळसी’ म्हणून मागा. केळं बांधतं छान, पण मग तो केळ्याचाच केक होतो, व्हॅनिलाचा वास त्यापुढे टिकत नाही.

तीन किंवा जास्त अंडी असतील, त्यातही पिवळा-पांढरा वेगळा करून फेसायला सांगितलं असेल, तर तिथे बदल करूच नका. तो केक उभाच अंड्याच्या फेसावर असतो. भिंती काढून छप्पर ठेवता येत नाही. त्यापेक्षा मुळातच बिनअंड्याची, कंडेन्स्ड मिल्कवर बेतलेली कृती शोधा. बडोद्यात निम्म्या घरांत चातुर्मास, निम्म्या घरांत सासूबाईंचे नेम, म्हणून आमच्या पिढीनं अशा कृती वर्षानुवर्षं घासूनपुसून पक्क्या केलेल्या आहेत. अंड्याची कृती घेऊन तिच्याशी झटापट करण्यात मैदा, लोणी आणि उमेद तिन्ही वाया जातात. कंडेन्स्ड मिल्कमध्ये साखर भरपूर असते, तेव्हा वेगळी साखर घालताना कृतीवर विश्वास ठेवा, सवयीवर नको.

नानकटाई पसरली, बिस्कीट तेलकट झालं

बटरमध्ये स्निग्धांश ८० टक्क्यांच्या आसपास असतो, बाकी मुख्यतः पाणी. तूप आणि तेल जवळजवळ शंभर टक्के स्निग्ध. त्यामुळे १०० ग्रॅम बटरच्या जागी १०० ग्रॅम तूप घातलं की पदार्थ तेलकट होणारच. ८० ग्रॅम तूप आणि एक मोठा चमचा दूध, हे माप धरा. मीठ घातलेलं बटर वापरत असाल तर कृतीतलं मीठ गाळा.

पण माप बरोबर असूनही नानकटाई पसरते, आणि ते बहुधा उन्हाळ्यात. कृतीतलं तूप थिजलेलं, रवाळ असतं. बडोद्यात मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो आणि बरणीतलं तूप पाण्यासारखं असतं. तूप आणि साखर फेसताना त्यात हवा अडकायला हवी. पातळ तुपात ती अडकत नाही. म्हणजे जिन्नस तोच असूनही आपण नकळत बदली केलेली असते. तूप मोजून फ्रिजमध्ये ठेवा, हाताला मऊ पण न वितळलेलं झालं की फेसा, गोळे करून पुन्हा वीस मिनिटं गार करा आणि मग पूर्ण तापलेल्या भट्टीत घाला. कडा शाबूत राहतात.

‘बटर आणि साखर हलकं होईपर्यंत फेसा’ असं लिहिलेल्या केकमध्ये तेल घालू नका, हेच कारण. तेलाच्या केकची कृती वेगळी असते, आणि ती खरंच चांगली असते, दुसऱ्या दिवशीही मऊ राहते.

पीठ चुकलं

कस्टर्ड कणीदार झालं, सूप दाट होईना, अशी तक्रार आली की मी आधी रंग विचारते. आपल्याकडे कॉर्नफ्लोअर म्हणून मिळतो तो मक्याचा पांढराशुभ्र, बोटांत करकरणारा स्टार्च. ‘मकाईनो लोट’ म्हणजे मक्याचं पिवळं पीठ, रोटल्याचं. अमेरिकन कृतीत तर नावं आणखी उलटसुलट असतात: तिथे स्टार्चला कॉर्नस्टार्च म्हणतात आणि कॉर्नफ्लोअर म्हणजे दळलेला मका. दाट करायचं असेल तर पांढराच हवा. नसलाच तर एका चमचा कॉर्नफ्लोअरला दोन चमचे मैदा, आणि मैदा कच्चा लागू नये म्हणून जास्त वेळ शिजवायचा.

मैद्याऐवजी कणीक घालायची तर पहिल्यांदा निम्मीच घाला. कोंडा पाणी पितो, म्हणून दर कपाला एक-दोन मोठे चमचे दूध वाढवा आणि मिश्रण वीस मिनिटं झाकून ठेवा. फुलवणारं जे असेल ते त्यानंतर. केकचं हलकं पीठ कृतीत असेल तर कपभर मैद्यातून दोन मोठे चमचे काढून तेवढाच कॉर्नफ्लोअर घाला आणि तीनदा चाळा. सेल्फ-रेझिंग पीठ म्हणजे कपभर मैदा, दीड चमचा बेकिंग पावडर आणि पाव चमचा मीठ, बाकी काही गूढ नाही.

बेसनाच्या लाडवाला जाडं बेसन हवं होतं आणि घरात बारीक आहे? यावर इथल्या बायकांकडे फार सुंदर उपाय आहे. मोहनथाळाला त्या पिठाला ‘धाबो’ देतात: थोडं कोमट दूध आणि तूप बेसनाला चोळायचं, दाबून अर्धा तास ठेवायचं आणि जाड चाळणीनं चाळायचं. बारीक बेसनालाही कणी येते. माझ्या सासूबाई हे शेजारच्या मासींकडून शिकल्या, आणि आमच्या घरचे दिवाळीचे लाडू तेव्हापासून टाळूला चिकटत नाहीत.

माप

कृतीत कप असतो आणि आपण वाटी घेतो. अमेरिकन कप साधारण २४० मिलीचा, घरातली आमटीची वाटी १५० ते २०० मिलीची. सगळंच वाटीनं घेतलं तर प्रमाण बिघडत नाही असं वाटतं, पण सोडा, मीठ आणि यीस्ट चमच्यानंच मोजलेलं असतं आणि अंडं अख्खं असतं. १६० मिलीची वाटी असेल तर चमच्यानं मोजलेलं सगळं दोन-तृतीयांश घ्यायला हवं. सोडा जास्त झाल्याच्या निम्म्या तक्रारी इथूनच येतात. शंभर रुपयांचा कपांचा संच घ्या, नाहीतर वजनकाटा.

ताक, साय, गूळ

परदेशी कृतीतलं ‘बटरमिल्क’ म्हणजे आपलं पातळ ताक नव्हे, ते दाट आणि आंबट असतं. पाऊण कप दही आणि पाव कप पाणी घुसळून घ्या, किंवा कपभर दुधात एक मोठा चमचा लिंबाचा रस घालून दहा मिनिटं ठेवा. पिशवीतली छास घेणार असाल तर आधी चव बघा. त्यात बरेचदा मीठ-जिरं असतं.

पुड्यातल्या फ्रेश क्रीममध्ये स्निग्धांश साधारण २५ टक्के असतो. फेसून उभं राहायला ३० ते ३५ टक्के लागतो. म्हणून ते कितीही वेळ फेसलं, बर्फावर ठेवलं, साखर घातली, तरी उभं राहणार नाही. इथे पर्याय नाही, व्हिपिंग क्रीमच आणा.

साखरेऐवजी गूळ घातल्यावर खीर फुटते, कारण गूळ किंचित आंबट असतो. गॅस बंद करून, खीर कोमट झाल्यावर गुळाचा गाळलेला पाक घाला. केकमध्ये गूळ चालतो, मात्र रंग गडद येतो आणि बिस्किटं कुरकुरीत न होता मऊ पडतात, कारण गूळ ओल धरून ठेवतो. साखर नुसती कमी करणाऱ्यांनीही हे लक्षात घ्यावं: साखर केकला मऊ ठेवते. एक-चतुर्थांश कमी केली तर निभावतं, निम्मी केली तर पाव खाल्ल्यासारखं लागतं.

पोळी फुटते

शेवटी माझ्या जिव्हाळ्याचा प्रश्न. होळीच्या दिवशी हमखास येणारा फोन: “काकू, पुरण सैल झालंय, पोळी लाटताना फुटतेय.” मी विचारते, डाळ कोणती? उत्तर बहुतेक वेळा तूर असतं. शेजारच्या गुजराती भाभींनी सांगितलेलं असतं, आणि त्यांचं बरोबरच असतं, त्यांची वेढमी, म्हणजे गुजराती पुरणपोळी, तुरीच्याच डाळीची. पण ती कृती अख्खी त्यांची घ्यायला हवी. आपण डाळ त्यांची घेतो, पाणी, गूळ आणि लाटणं आपल्या पद्धतीनं.

हरभऱ्याची डाळ शिजली तरी दाणा धरून असते. तिचा कट काढून टाकला की पुरण कोरडं, पिठाळ होतं, म्हणून ते पातळ पोळीत मावतं. तुरीची डाळ विरघळून जाते, पाणी तिच्यातच राहतं, वर गूळ घातला की आणखी पाणी सुटतं. तेव्हा तूर घ्यायची तर पाणी डाळ बुडेल त्याच्या वर जेमतेम बोटभर ठेवा, शिजल्यावर चाळणीत निथळा, आणि गूळ घालून रुंद कढईत इतकं आटवा की मधे रोवलेलं उलथनं उभं राहील. गार झाल्यावर ते आणखी घट्ट होतं. पोळी लहान आणि जरा जाड लाटा, वेढमीसारखी.

पुरण आधीच सैल होऊन बसलं असेल तर पुन्हा कढईत टाका आणि मंद आचेवर ढवळत राहा. वेळ नसेल तर तुपावर खमंग भाजलेलं एक-दोन चमचे बेसन मिसळा, पसरट ताटात काढून अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवा. मैदा किंवा कणीक मात्र मिसळू नका, कच्ची चव येते.

आणि तुरीच्या डाळीचा कट निघत नाही. आमटी हवी असेल तर मूठभर हरभऱ्याची डाळ सकाळीच वेगळी शिजत घाला.